शरीराचा आजार आणि मनाचे मौन

(संस्थेच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी किंचित संस्कारित करून)

आदरणीय भन्तेजी, सन्माननीय अध्यक्ष, संस्थेचे पदाधिकारी आणि ब्रिटनच्या निरनिराळ्या गावांतून मुलाबाळांसह येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,



गेली अनेक वर्षे या व्यासपीठावरून मी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार या विषयांवर बोलत आलो आहे. साखर कमी करा, रोज चाला, डोळे आणि पाय तपासून घ्या, असे मी सांगायचे, आपण टाळ्या वाजवायच्या आणि नंतर भोजनाच्या रांगेत आपण सर्वांनी मिळून गुलाबजाम खायचे, असा आपला परिपाठ आहे. यंदाही कार्यकारिणीने मधुमेह हाच विषय सुचविला होता. परंतु मी विनंती केली की, या वेळी मला मधुमेही माणसाच्या मनाविषयी बोलू द्या. आणि त्याच ओघात दारूच्या आहारी गेलेल्या माणसाच्या मनाविषयीही. हा विषय आपल्याकडे उघडपणे बोलला जात नाही. तो न बोलल्यामुळे काय घडते, हे मी फार जवळून पाहिले आहे.

एक कबुली

आरंभी एक कबुली देतो. संबंधित गृहस्थांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ही हकीकत सांगत आहे. हे गृहस्थ कोण, याचा तर्क कृपा करून कोणी करू नये.

आपल्यापैकीच एक कुटुंब. गृहस्थ कष्टाळू, सभ्य, चळवळीत वाढलेले. बारा-तेरा वर्षांचा मधुमेह, गेली काही वर्षे इन्शुलिन. पायांत रात्री आग आणि मुंग्या. आजारपणामुळे नोकरी सुटली. एका कार्यक्रमानंतर भांडी आवरता आवरता ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हल्ली रात्री झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही." मी विचारले, "साखर किती येते?" त्यांनी आकडा सांगितला. मी आहाराविषयी दोन उपदेश केले आणि आम्ही कपबशा विसळू लागलो. ज्या वाक्यात त्यांनी आपला सगळा आजार सांगितला होता, ते वाक्य माझ्या कानांवरून गेले. मी केवळ आकडा ऐकला.

पुढे ते झोप यावी म्हणून रात्री दारू घेऊ लागले. घरच्यांनी ती गोष्ट दोन वर्षे झाकून ठेवली. अखेर एका मेळाव्यात, आपणा सर्वांसमक्ष, त्यांनी उभे राहून दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. तुम्ही रोज किती घेता, हा एक प्रश्न मी वैद्य असून त्यांना विचारला नाही. त्यांनी प्रतिज्ञा अक्षरशः पाळली. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांना फिट आली. मुलाने वेळीच रुग्णवाहिका बोलावली म्हणून ते वाचले.

वहिनी मला रुग्णालयात म्हणाल्या, "भाऊ, त्यांनी शब्द पाळला तरी असे का झाले?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आज उभा आहे.

आजारामागून येणारा आजार

मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार, दमा, हृदयविकार या दीर्घकालीन व्याधी आहेत. त्या बऱ्या होत नाहीत. त्यांच्याशी जन्मभर नांदावे लागते. रोजची गोळी, रोजची सुई, प्रत्येक घासाचा हिशोब आणि पुढे डोळे जातील की पाय जाईल ही टांगती भीती. या ओझ्याखाली मन थकते. मधुमेह असलेल्या व्यक्तींत नैराश्याचे, म्हणजे ज्याला आपण डिप्रेशन म्हणतो त्याचे, प्रमाण इतरांच्या मानाने साधारणतः दुप्पट आढळते. मूळ दक्षिण आशियातील लोकांना या देशात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका गोऱ्या लोकांपेक्षा दोन ते चार पट अधिक असतो. ही दोन विधाने शेजारी ठेवली म्हणजे हा प्रश्न आपल्या किती घरांत असू शकेल, याची कल्पना येईल.

हा संबंध दुतर्फा आहे. खचलेला माणूस गोळ्या चुकवितो, चालणे सोडतो, जेवणाची वेळ पाळत नाही, साखर वाढते. वाढलेल्या साखरेने थकवा येतो, जखमा चिघळतात, मन आणखी खचते. तणावात शरीरात स्रवणारी कॉर्टिसोलसारखी संप्रेरकेही साखर वाढवितात. म्हणून मनावर उपचार न करता साखरेवर उपचार करणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. आजाराच्या रोजच्या कटकटीला कंटाळणे हे प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला कधी ना कधी येते. त्याला समजून घेणारा वैद्य, घरच्यांची मदत आणि थोडी विश्रांती पुष्कळदा पुरते. नैराश्य हा त्याहून वेगळा विकार आहे. तो ओळखण्यासाठी दोन साधे प्रश्न पुरेसे असतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश राहिले काय? आणि पूर्वी ज्या गोष्टींत रस वाटे, त्यांतील गोडी गेली काय? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर डॉक्टरकडे जावे. झोप उडणे किंवा अति झोप येणे, भूक मरणे, सतत थकवा, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, जगण्याचा कंटाळा येणे ही सोबतची लक्षणे.

तथापि आपली माणसे डॉक्टरला असे काही सांगत नाहीत. ती म्हणतात, अंग दुखते, डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, जीव घाबरतो. त्यात भाषेची अडचण. आपल्या कितीतरी आज्या आणि आया दवाखान्यात नातवाला दुभाषा म्हणून घेऊन जातात. बारा वर्षांच्या नातवाला कोणती आजी सांगेल की, बाळा, डॉक्टरला सांग, मला जगावेसे वाटत नाही? ती गुडघ्याचे दुखणे सांगते आणि परत येते. या देशात आपल्या जी.पी.कडे विनामूल्य दुभाषा मागता येतो. वेळ ठरवितानाच तो मागावा, लहान मुलाला या कामी लावू नये.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक उदासी ही नैराश्यच असते असे नाही. थायरॉईडची कमतरता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही माणूस मलूल होतो. मधुमेहासाठी आपल्यापैकी अनेकजण जे मेटफॉर्मिन घेतात, त्याने दीर्घकाळात ब-१२ कमी होऊ शकते. म्हणून रक्ततपासणीही करून घ्यावी.

दारू आणि आपला स्वाभिमान

आता नाजूक विषयाकडे वळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शील तेच सांगते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिली होती, म्हणून या प्रतिज्ञेचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. या शिलाविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही.

परंतु त्याच शिलाचा आपण एक विपरीत उपयोग करू लागलो आहोत. ज्याच्या घरी व्यसन शिरले, ते घर ती गोष्ट लपविते. 'लोक काय म्हणतील' याच्या जोडीला आपल्याकडे 'समाजाचे नाव जाईल' हीही भीती असते. आपल्या वस्त्यांना दारूवरून हिणविणारे लोक आपण पाहिले आहेत. येथेही कामाच्या ठिकाणी एखादा देशबांधव आडनाव विचारतो, गाव विचारतो आणि क्षणभर थांबतो, तेव्हा त्या थांबण्याचा अर्थ आपणास कळतो. अशा जगात आपले उणे दिसू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे घडते असे की, व्यसनी माणसाची बायको दोन वर्षे कार्यक्रमांना एकटी येते, 'यांना शिफ्ट आहे' म्हणून सांगते, आणि आपण सर्वजण ते खरे मानल्याचे दाखवितो. रुग्णाला वाळीत टाकून आपण शील राखले, असे म्हणता येईल काय?

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मद्यासक्ती हा आजार आहे. दीर्घकाळच्या मद्यपानाने मेंदूची घडण अशी बदलते की, इच्छा असूनही हात थांबत नाही. अनेकदा तिच्या मुळाशी उपचार न झालेले नैराश्य किंवा चिंता असते. उलट दारू स्वतःच नैराश्य निर्माण करते. ती झोप आणते असे वाटते, प्रत्यक्षात ती गाढ झोप मोडते. दारू पूर्ण थांबल्यावर साधारण चार आठवड्यांत पुष्कळांची उदासी आपोआप ओसरते. ज्यांची ओसरत नाही, त्यांना नैराश्यावर स्वतंत्र उपचार हवेत.

प्रमाणाविषयी आपल्यात भाबड्या समजुती आहेत. या देशाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली घालून दिलेली मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिट इतकी आहे, आणि त्याहून कमी घेणेही पूर्ण निर्धोक मानलेले नाही. घरी ओतला जाणारा ६० मिलिलिटरचा व्हिस्कीचा एक पेग म्हणजे जवळजवळ अडीच युनिट. ७० सेंटिलिटरची एक बाटली म्हणजे २८ युनिट. 'मी फक्त शनिवार-रविवारी घेतो' म्हणणाऱ्याने बाटलीकडे पाहून हिशोब करावा. पंचशीलाचे पालन करणाऱ्याला अर्थातच या हिशोबाची गरज पडत नाही.

इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दारूमुळे यकृताचे रक्तात साखर सोडण्याचे काम मंदावते. त्यामुळे साखर धोकादायक खाली जाऊ शकते, तीही कित्येक तासांनी, झोपेत. घाम, बरळणे, तोल जाणे ही लक्षणे पाहून घरचे म्हणतात, 'चढली आहे, झोपू द्या.' तो झोपेलही आणि उठणारही नाही. अशा वेळी प्रथम बोटातून रक्त घेऊन साखर तपासावी. ती कमी असून माणूस शुद्धीवर असेल तर गोड द्यावे; शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता ९९९ ला फोन करावा.

आता वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर. जो माणूस रोज, मोठ्या प्रमाणात, महिनोन्‌महिने पीत आला आहे, त्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती एकाएकी तोडल्यास काही तासांत हात कापू लागतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास आणि तापाची अवस्था येऊ शकते, ती प्राणघातक ठरते. म्हणून अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने आणि थायमिन हे जीवनसत्त्व घेऊन दारू सोडावी. मदत मिळेपर्यंत ती एकदम बंद करू नये. हे सांगताना मला ठाऊक आहे की, विहारात असे वाक्य चमत्कारिक वाटेल. परंतु प्रतिज्ञा ही निश्चयाची गोष्ट आहे आणि फिट ही मेंदूची. आधी दवाखाना, मग विहारातील प्रतिज्ञा, हा क्रम पाळला तर दोन्ही टिकतील.

धम्म काय सांगतो

काहीजण म्हणतील, हे सारे कर्माचे फळ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त कठोरपणे तपासून नाकारला आहे. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना याविषयी विचारल्याची कथा आहे. माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते, असे म्हणणारे लोक चुकतात, असे बुद्धांनी त्याला सांगितले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी कारणे त्यांनी मोजून दाखविली. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही दृष्टी आपल्या धम्माची आहे. मग मधुमेह्याच्या नैराश्याला आपण 'नशीब' का म्हणावे?

विनयपिटकातील दुसरा प्रसंग आपण जाणता. अतिसाराने पीडित एक भिक्खू आपल्याच मळात पडला होता. सहकारी फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला न्हाऊ घातले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि संघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी. हा भिक्खू शीलवान होता की नव्हता, याची चौकशी त्यांनी आधी केली नाही.

आणि बाबासाहेब? त्यांचा मधुमेह, पायांच्या वेदना, रात्रीची जागरणे आपणास ठाऊक आहेत. आपण त्यांची पोलादी प्रतिमा मुलांपुढे ठेवतो. परंतु १९२६ साली राजरत्न गेल्यानंतर त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र मुलांना क्वचितच सांगतो. चार अपत्ये गमावलेल्या त्या पित्याने, आपण दोघे या धक्क्यातून सावरलो आहोत असे सोंग आणले नाही; आपले दुःख मित्राला स्पष्ट लिहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी महाडचा सत्याग्रह केला. दुःख बोलून दाखविल्याने माणूस दुबळा होत नाही, याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

उपाय आहेत

नैराश्य बरे होते, हे मी पंचवीसहून अधिक वर्षांच्या अनुभवाने सांगतो. बोलण्याचे उपचार आहेत. इंग्लंडमध्ये त्यासाठी जी.पी.च्या चिठ्ठीवाचूनही एन.एच.एस.च्या टॉकिंग थेरपीज सेवेकडे स्वतः नाव नोंदविता येते. औषधे आहेत; त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, बरे वाटल्यावरही ती साधारण सहा महिने चालू ठेवावी लागतात आणि ती डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम थांबवू नयेत. त्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. ड्युलोक्सेटिनसारखे औषध तर नैराश्य आणि मधुमेहामुळे होणारी पायांची आग या दोहोंवर चालते.

ध्यानाविषयी मला नेहमी विचारतात. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी त्यातून वारंवार येणारे नैराश्य टाळण्याची पद्धत बांधली. तिचे मूळ आपल्या सतिपट्ठानात आहे, याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र ऐन तीव्र नैराश्यात किंवा दारू सोडण्याच्या पहिल्या दिवसांत नुसते ध्यानाला बसविणे हा उपचार नव्हे.

व्यसनमुक्तीसाठी प्रत्येक भागात सरकारी सेवा आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक स्वतः मद्यासक्त डॉक्टर होते. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आपल्यापैकी अनेकांच्या नातलगांना ठाऊक असेल. या सर्वांचा अनुभव एकच: पुन्हा घसरणे हा आजाराचा भाग आहे. घसरलेल्याला 'तू शब्द मोडलास' म्हणण्याऐवजी 'चल, पुन्हा जाऊ' म्हणावे.

आणि कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलला, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव देण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, घरातील औषधे दुसऱ्याच्या ताब्यात द्या. १११ वर फोन करून दुसरा पर्याय निवडला की मानसिक आरोग्याची सेवा मिळते. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. तातडीचा धोका असेल तर ९९९.

तीन सूचना

संस्थेला माझ्या तीन नम्र सूचना आहेत. १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात रक्तातील साखरेबरोबर मघाचे दोन प्रश्नही प्रत्येकाला, स्वतंत्र खोलीत, विचारले जावेत. दुसरे, दवाखान्यात सोबत जाऊ शकतील अशा दहा व्यक्तींची, त्यांत निम्म्या भगिनींची, यादी करावी; त्यांनी ऐकलेले घरीसुद्धा सांगू नये. तिसरे, दारू सोडण्याची प्रतिज्ञा कोणाकडूनही भर सभेत, डॉक्टरला दाखविल्यावाचून, घेतली जाऊ नये.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. दारू सुटून सहा आठवडे झाले तरी उदासी गेली नाही, तेव्हा त्यांच्या नैराश्यावर उपचार झाले. मध्यंतरी एकदा ते घसरले. या खेपेस वहिनींनी ते झाकले नाही, त्याच रात्री मला फोन केला. आज ते बरे आहेत. मी त्यांना भेटलो की अजूनही साखरेचा आकडा विचारतो. पण तो दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न, "झोप लागते का?" हा असतो, आणि उत्तर येईपर्यंत मी थांबतो.

आपणही आज घरी जाताना आपल्या घरातील आजारी माणसाला हा एक प्रश्न विचारावा आणि थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!